मतदाराचे मौन



मार्च १९७७ मधील लोकसभा निवडणुकीच्या प्रचाराचे अखेरचे दिवस आठवावेत. आणीबाणी अद्याप उठली नव्हती. सामान्य माणूस सभांना जात होता, सर्वांचे ऐकून घेत होता; मनातले मात्र फारसे बोलत नव्हता. त्या मौनाचा थांग सत्ताधाऱ्यांना लागला नाही. १६ ते २० मार्च या काळात मतदान झाले आणि रायबरेलीत खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी सुमारे ५५ हजार मतांनी पराभूत झाल्या.

मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास जाहीर सभांना कायद्याने मनाई असते. वक्त्यांची वाणी थांबते, तेव्हा मतदाराचे चिंतन सुरू होते. तो अवधी त्याचा आहे. कार्यकर्त्याने त्या मौनाचा मान राखावा. मतदारानेही ते मतदानकेंद्रापर्यंत न्यावे. घरी राहिलेल्या मौनाला कौल म्हणत नाहीत.