गाडीची तहान आणि बाईचा हंडा

(बोईसर इथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज जीपच्या बॉनेटखालच्या पाण्याबद्दल बोलायचं आहे. बायकांच्या शिबिरात हा कसला विषय, असं काहीजणींना वाटेल. पण अडलेल्या बाईला घेऊन रात्री जव्हारहून नाशिकला निघालेली गाडी घाटात तापून बंद पडली, तर प्रश्न गाडीचा राहत नाही, त्या बाईच्या जिवाचा होतो. आणि तेव्हा आपल्याला काय सांगितलं जातं? "ताई, तुम्ही बसून राहा, हे तुमचं काम नाही."

खरं तर हे काम आपल्याला चुलीपाशीच कळलेलं आहे. इंजिन चालताना तापतं. त्याच्याभोवती पाणी फिरतं, उष्णता घेतं, पुढच्या रेडिएटरमध्ये वाऱ्याने निवतं आणि परत आत जातं. झाकणामुळे आत दाब राहतो, म्हणून ते लवकर उकळत नाही. म्हणजे कुकरच की! वाफ जिरल्याशिवाय आपण कुकर उघडत नाही, तसं तापलेल्या गाडीचं झाकणही उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर उसळतं. इंजिन बंद करा, निदान अर्धा तास थांबा. गार झाल्यावर फडकं धरून झाकण हळूहळू सोडा. गरम इंजिनात एकदम गार पाणी ओतलं, तर तापल्या काचेच्या ग्लासासारखा त्यालाही तडा जाऊ शकतो.

आत नुसतं पाणी नसतं, कूलंट असतं: इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी, बहुधा निम्मंनिम्मं, शिवाय गंज रोखणारी द्रव्यं. हे मिश्रण पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. अडचणीत साधं पाणी घालून दवाखाना गाठायला हरकत नाही. पण रोज वरून पाणीच घालत राहिलं तर कूलंट पातळ होतं आणि आत गंज धरतो. पुन्हा पुन्हा पाणी कमी होत असेल तर कुठेतरी गळतं आहे. ते शोधायला गाडी मेकॅनिककडे न्यायची आणि कूलंट नीट भरून घ्यायचं.

पाणी कुठलं, हेही बघा. बोअरचं जड पाणी तापवलं की टोपाच्या तळाशी पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबवतो. आपल्या किनारपट्टीला कितीतरी विहिरींचं पाणी मचूळ. आणि 2018 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर देशात सर्वांत वरच्यांत होतं. म्हणून बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी घ्यावं.

आता दुसरी बाजू. मे महिन्यात मोखाड्याच्या पाड्यावर बाई लांबून हंडा आणते. तिथे गाडी थांबते, पाणी मागितलं जातं. ती नाही म्हणत नाही. पण त्या पाच लिटरसाठी तिला पुन्हा खेप घालावी लागते. बाईच्या कष्टांवर बोलायला निघालेल्या आपण तिच्याच डोक्यावरचं पाणी इंजिनाला पाजायचं का? गाडीत स्वतःचा पाच लिटरचा कॅन हवाच.

एक धोका मात्र विसरू नका. कूलंट गोडसर लागतं आणि विषारी असतं. प्यायच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते कधीच भरू नका. तहानलेलं पोर सरळ तोंडाला लावेल. जुनं कूलंट विहिरीजवळ, ओढ्यात ओतू नका.

1888 साली जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या मोटारीने माहेरी निघाली. अंतर सुमारे 100 किलोमीटर. इंजिन निववायला वाटेत जागोजागी पाणी भरावं लागलं. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास बाईनेच केला. मग हे बाईचं काम नाही, असं कुणी ठरवलं?

जेवणानंतर सगळ्यांनी बाहेर यायचं आहे. जीप सकाळपासून उभी आहे, इंजिन गार आहे. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने झाकण उघडून बघायचं. नुसतं लांबून बघणं चालणार नाही.