भिंती सरकल्या, कमान राहिली

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात सेव्हर्न नदीच्या अरुंद घळीत एक गाव आहे, आयर्नब्रिज. इथे आधी पूल झाला आणि त्याच्या टोकाशी गाव वसलं, म्हणून नावही पुलाचंच.

शेजारच्या कोलब्रुकडेलला १७०९ साली एब्रहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळलं. त्याच्याच नावाच्या नातवाने १७७९ मध्ये नदीवर बिडाची कमान चढवली. गाळा तीस मीटरचा, बीड ३७८ टन. एवढा मोठा लोखंडी पूल जगात तोवर कुणी बांधलाच नव्हता, मग तो जोडायचा कसा? सुताराची विद्या कामी आली. खाचेत कुसू, डव्हटेलचे सांधे आणि वरून ठोकलेल्या पाचरी. जवळून पाहिलं तर त्या पाचरी अजून दिसतात. लोखंड मात्र सढळ हाताने ओतलं होतं. १७९६ मध्ये अभियंता टेलफर्डने जवळच बिल्डवसला याहून लांब गाळ्याचा पूल निम्म्याहून कमी बिडात उभारला.

पण आयर्नब्रिजची खरी कथा काठावरच्या दगडी भिंतींची. घळीच्या दोन्ही बाजू नदीकडे घसरतात आणि भिंतींना आत रेटतात. पूल खुला झाल्यावर काही वर्षांतच भिंतींना तडे गेले. १७९५ च्या महापुरात नदीवरच्या अनेक पुलांची हानी झाली. ही कमान तरली, कारण पाण्याला मधून वाट मोकळी होती. पूर ओसरला, तरी डोंगराचा रेटा थांबला नाही. दक्षिण काठाचं जड दगडकाम काढावं लागलं आणि १८२१ मध्ये तिथे लोखंडाच्या छोट्या कमानी बसल्या. कमानीतल्या बिडालाही चिरा पडल्या, त्यांवर पट्ट्या आवळल्या गेल्या.

पुलावर टोल होता. पाटीवर स्पष्ट लिहिलंय, सैनिक असो की राजघराण्यातलं कुणी, सूट नाही. आपल्याकडच्या टोलनाक्यांवर सवलतींची यादी केवढी लांब असते, हे आठवून मला हसू येतं. १९३४ पासून वाहनं बंद झाली, पायी जाणारे मात्र १९५० पर्यंत पैसे मोजत होते.

भिंतींचं सरकणं मात्र चालूच होतं. शेवटी १९७० च्या दशकात अभियंत्यांनी नदीच्या तळाशी काँक्रीटचा आडवा आधार घातला. दोन्ही काठांच्या भिंतींना तो एकमेकींपासून दूर धरून ठेवतो. २०१८ मध्ये पुलाला मूळचा तांबूस तपकिरी रंग परत मिळाला आणि त्याची छायाचित्रं सगळीकडे झळकली. माझ्या मते मोठं काम त्या काँक्रीटचं. पण पाण्याखालचं काँक्रीट छायाचित्रात कसं येणार?