चेहऱ्याला स्वयंपाकघर लावताना

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारी बाई. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळे मी आज त्वचेविषयी बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्या घरांत चेहऱ्याला जे लागते, त्यातले निम्मे स्वयंपाकघरातून येते, आणि तिथे माझाही थोडा अधिकार आहे.

लग्नात हळद लागते ती आमच्याकडेही. आम्ही उबटन म्हणतो. बेसन, हळद, दूध, ऐपत असेल तर वाटलेली चारोळी. विदर्भात या वस्तूंना तोटा नाही. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याआधी २०१४ साली नागपुरी संत्र्याला. संत्र्याच्या साली वाळवून त्यांची पूड करणे हा तर इथल्या घराघरातला उद्योग आहे.

माझी अम्मी उबटन करायची तेव्हा तिच्या काही अटी असत. हळद चिमूटभरच. पीठ बारीक चाळलेले. लेप पुरता वाळायच्या आत धुवायचा, खरवडून काढायचा नाही. आणि लेप लावलेली मुलगी उन्हात जाणार नाही. आपण वस्तू लक्षात ठेवल्या, अटी विसरलो.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीची मंगनी ठरली. मे महिना. तिने चेहऱ्याला लिंबाचा रस चोळला, वरवर पुसला आणि भर दुपारी स्कूटीवरून बर्डीला खरेदीला गेली. दोन दिवसांनी गालांवर जळजळ आणि फोड. पुढे तपकिरी ओघळ उमटले, ते कित्येक महिने गेले नाहीत. ती मला म्हणाली, ‘‘खाला, लिंबू तर आपण रोज खातो ना!’’

सावजी रस्साही आपण आवडीने खातो. म्हणून तो कोणी गालाला लावत नाही.

आपली त्वचा स्वभावतःच किंचित आम्ल असते. तिचा सामू साधारण पाच, लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास. सामूची प्रत्येक पायरी दहापटीची असते, म्हणजे लिंबू त्वचेपेक्षा शेकडो पट आम्ल झाले. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्यावर सूर्याचे अतिनील किरण पडले की त्वचा भाजते. हे लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी कळते. त्यामुळे दोष लिंबाला लागत नाही, उन्हाला लागतो. खायचा सोडा याच्या उलट टोकाचा, अल्कधर्मी. तोही चेहऱ्याला नको. मुरुमावर लसूण किंवा टूथपेस्ट लावणारे आहेत. लसणाने त्वचा अक्षरशः भाजते.

मग काही लावूच नये का? लावावे, पण बेताने. बेसन, दही, मध, मुलतानी माती बहुतेकांना सोसते. तरीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून दोन दिवस पाहावे. खाज, लाली आली तर ती आपल्यासाठी नाही. हळद शक्यतो हळकुंडे आणून दळावी. सुट्या पुडीत रंगाची भेसळ होऊ शकते, आणि त्यातला लेड क्रोमेटसारखा रंग तर विषारीच. कोरफडीचे पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी निथळू द्यावा. संत्री धुऊन मगच साली वाळवाव्यात आणि पूड वस्त्रगाळ करावी. जाड दाण्यांनी चेहरा घासू नये. कालवलेला लेप दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. वांग असेल तर घासल्याने ते वाढते. अशा वेळी मेडिकलच्या किंवा मेयोच्या त्वचारोग विभागात दाखवावे. चुकून काही झोंबलेच, तर भरपूर गार पाण्याने धुवावे आणि सावलीत राहावे.

पण त्या मुलीने लिंबू चोळले ते चेहरा स्वच्छ करण्यासाठी नव्हे. कुणीतरी म्हणाले होते, रंग जरा उजळला तर बरे. ही जखम लिंबाच्याही आधीची. याच इच्छेपायी माणसे नाव-गाव नसलेल्या क्रीमपर्यंत जातात. २०२३ च्या जानेवारीत अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही, आणि शरीरात शिरून मूत्रपिंड बिघडवतो.

उबटन रंग बदलण्यासाठी नव्हतेच. पोरगी उद्या सासरी जाणार, तेव्हा चार बायांनी तिच्या गालांवरून मायेने हात फिरवायचा, त्याचे ते निमित्त होते. तेवढे जरूर करा. मात्र हात फिरवताना तिच्या रंगाविषयी एक शब्दही काढू नका. लेपाइतकीच ही काळजीही घ्यायला हवी.