पाण्याविना बेट

श्रोतेहो, भोकरदन-जाफराबादकडच्या मंडळींना रोही नि रानडुक्कर यांची ओळख करून द्यायला नको. उभा मका एका रात्रीत आडवा झाला की कोणीतरी म्हणतोच, “सोडा की रानात वाघाची एक जोडी!” बोलणे गमतीचे खरे; पण 2020 साली वनखात्यापुढे जवळजवळ हाच प्रश्न उभा होता.

झाले असे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक तरुण वाघ स्वतःची जागा शोधीत निघाला. गळ्यात रेडिओचा पट्टा, म्हणून त्याची वाट कळत गेली. 1,300 किलोमीटरांहून अधिक भटकून 2019 च्या डिसेंबरात तो आपल्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात आला. शिकार होती, पण जोडीला वाघीण नव्हती. मग ती बाहेरून आणावी काय?

ज्ञानगंगा सुमारे 205 चौरस किलोमीटर. भोवती शेते, गावे, रस्ते. पाण्याविना बेटच म्हणा ना! गुरुजी, पुढचे गणित मुलांना फळ्यावर घालून पाहा. वाघाला आठवड्याला एक मोठे जनावर लागते. वर्षाचे झाले 50. कळप घटू नये तर शंभरातली दहाच वाघाच्या वाट्याला जावीत, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. म्हणजे एका वाघामागे 500 जनावरे हवीत. त्यात बिबटे वाटेकरी. वाघिणीला पिले झाली की खाणारी तोंडे वाढली, रान तेवढेच. मग घास गोठ्यातला जातो.

दुसरी अडचण सोयरिकीची. अमेरिकेत सुपीरियर सरोवरात आइल रॉयल नावाचे बेट आहे. तेथे लांडगे नि मूस नावाची थोराड हरणे यांची नोंद 1958 पासून ठेवतात. पूर्वी हिवाळ्यात सरोवर गोठले की बाहेरचा लांडगा बर्फावरून येई. बर्फ धरेनासा झाला, लांडग्यांची लग्ने घरातल्या घरात होऊ लागली, वंश खंगला. 2016 साली उरले अवघे दोन! मूस मात्र 2019 पर्यंत दोन हजारांवर गेले नि कोवळी झाडे ओरबाडू लागले. शेवटी 2018-19 मध्ये बाहेरून 19 लांडगे आणून सोडावे लागले.

माझे मत विचाराल तर वाघीण आणण्याआधी वाट राखावी. आपला बर्फ म्हणजे ओढ्याकाठची झाडी, गायरान, अजिंठ्याच्या डोंगराची सोंड. त्या वाटेने वाघ येईल आणि जाईलही.

आणि मक्याचे काय? खरे सांगायचे तर वाघ कोणाच्या शेताची राखण करीत नाही. पिकावर वाढलेला रोही पिकातच राहतो. त्यासाठी पंचनामा नि भरपाई हाच रस्ता, कितीही चकरा पडोत. पण डुकरासाठी कुंपणात वीज सोडू नका. त्या तारेत वाटसरू वाघ सापडतो, आणि रात्री पाणी द्यायला निघालेला आपला माणूसही. जनावर मारले गेले, तर मढ्यावर विष न घालता आधी वनरक्षकाला निरोप धाडा.