नेम

मराठीत ‘नेम’ म्हणजे निशाणा आणि नेम म्हणजे रोजचं व्रतही. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर हे दोन्ही अर्थ एकत्र भेटतात.

पॉइंट टू-टू रायफल, अंतर ५० मीटर. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, सदऱ्याच्या बटणाएवढं. ऑलिंपिकच्या या रायफलीला दुर्बीण नसते. बारीक छिद्रातून पाहायचं. वारा गोळीला ढकलतो, म्हणून आधी झेंड्यांकडे नजर. मग श्वास थोडा सोडून थांबायचं आणि चाप हलकेच दाबायचा. राग आला की नाडी उडते, नळी हलते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पॅरिसला जाताना रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे इथं सराव करत घडला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या नेमबाजीनंतर तो सहावा होता. मग झोपून, शेवटी उभ्यानं. ४५१.४ गुण आणि कांस्यपदक!

हातात शस्त्र असताना मन शांत ठेवायचं, हा या खेळाचा नेम. शब्द हेही शस्त्रच. तेही सोडण्याआधी क्षणभर थांबलो, तर कितीतरी घरं, गल्ल्या जखमी होण्यावाचून वाचतील.