पंचक्रोशीच्या वाटेवर पाऊस



काशीला गेलेला मराठी माणूस गंगास्नान करतो, विश्वनाथाचं दर्शन घेतो, दुर्गाघाटाकडची जुनी मराठी वस्ती पाहतो आणि परतीच्या गाडीत बसतो. शहराला प्रदक्षिणा घालणारी पंचक्रोशीची वाट मात्र राहूनच जाते. मणिकर्णिकेवरून निघून कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा हे मुक्काम करत पुन्हा मणिकर्णिकेला यायचं, असे हे साधारण 80 किलोमीटर. भाविक पाच दिवस अनवाणी चालतात. मी श्रावणात सायकलवर एका दिवसात गेलो. पावसाने पहाटेपासून रात्रीपर्यंत उसंत दिली नाही.

कंदवा गावचं कर्दमेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, गाहडवाल राजांच्या काळातलं. इतकं जुनं देऊळ काशीत शोधून सापडत नाही. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींवरून पाणी निथळत होतं आणि भिजलेल्या दगडावर छिन्नीची रेघन्‌रेघ स्पष्ट दिसत होती. तिथून मन निघेना.

पुढे शहर सुटतं. वीटभट्ट्या पावसाळ्यापुरत्या बंद, धुराडी थंड. बायका ओणव्याने भात लावत होत्या. ही गंगेच्या गाळाची माती फार चिकट. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ती अशी घट्ट बसते की चाक फिरत नाही. बाभळीच्या काटकीने ती उकरायची, शंभर पावलं जायचं, पुन्हा उतरायचं.

या वाटेवरच्या किती ओवऱ्यांच्या भिंतींत पिंपळ रुजलाय! कुंडांवर शेवाळ दाटलंय. काशीतल्या बांधकामांसाठी आपण अहिल्याबाई होळकरांचं नाव अभिमानाने घेतो, आणि घ्यायलाच हवं. त्यांच्याच काळात, अठराव्या शतकात, बंगालच्या राणी भवानींनी या वाटेवर यात्रेकरूंसाठी तलाव आणि धर्मशाळा बांधल्या. त्यांचं नावही आपल्या तोंडी असावं.

रामेश्वरला वरुणा नदी गढूळ होऊन वाहत होती. इथे मार्गशीर्षात लोटा-भंटाची जत्रा भरते. हजारो लोक गोवऱ्यांवर बाटी आणि वांग्याचं भरीत करून देवाला नैवेद्य दाखवतात. आता ओवरीत एक म्हातारी तेवढी होती. तिने मला चुलीजवळ बसवलं, चहा दिला, पैसे घेतले नाहीत. “जत्रा उठली की इकडे कोण येतंय, बेटा?” असं तिने विचारलं, त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

विश्वनाथ धामाचं लोकार्पण 13 डिसेंबर 2021 रोजी झालं आणि काशीत माणसांचा पूर लोटला. तो गावाबाहेरच्या या देवळांपर्यंत पोचलेला नाही. जिथे माणसांची ये-जा नसते, तिथली डागडुजीही कुणाला सुचत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून सांगतो, काशीला जाल तेव्हा एक दिवस जास्तीचा काढा. पायी जमत नसेल तर सायकलने जा, तीही नको असेल तर रिक्षाने. शिधा तिथल्याच दुकानातून घ्या आणि धर्मशाळेच्या पेटीत चार पैसे टाका.