जागरण आणि उन्माद

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही चालू असतो. रात्रपाळी आटोपून पहाटे घरी परतणारा विणकर तेथे कोणास नवा नाही. बहुतेकांचे शरीर ही उलथापालथ कसेबसे सोसते. परंतु ज्याच्या ठायी द्विध्रुवी मनोविकार आहे, त्यास एकदोन रात्रींचे जागरणही महाग पडू शकते.

या विकारात मन कधी खिन्नतेच्या तळाशी जाते, कधी उन्मादाच्या शिखरावर चढते. उन्मादाची पहिली चाहूल पुष्कळदा झोपेतच लागते. येथे एक भेद ध्यानी घ्यावा. निद्रानाशाने गांजलेल्यास झोप हवी असते, पण येत नाही. दुसऱ्या दिवशी तो मरगळलेला दिसतो. उन्मादाकडे निघालेला मनुष्य तीन तास झोपून ताजातवाना उठतो, नव्या धंद्याचे बेत रचतो, पैसा उधळतो. त्याच्या बोलण्यास खळ पडत नाही. अंथरुणास खिळलेला मुलगा कामास लागला, म्हणून घरच्यांस आनंदच होतो. फसगत होते ती इथेच.

मग जागरण हे उन्मादाचे लक्षण की कारण? अमेरिकेतील थॉमस वेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ते दोन्ही असल्याचे प्रतिपादिले. शोक, प्रवास, बाळंतपण, कामाची घाई अशी निमित्ते निराळी असली तरी त्यांमुळे झोप तुटते. तुटलेली झोप उन्मादास चेतविते आणि चेतलेला उन्माद उरलीसुरली झोपही खातो. चरकाने आहाराच्या जोडीने निद्रेस शरीराचा उपस्तंभ मानले, ते उगीच नव्हे.

म्हणून अशा घरात रात्रपाळी, लग्नघरची जागरणे, उत्सवातील रात्री यांचा विचार आधीच व्हावा. लागोपाठ दोन रात्री झोप उडाली आणि तरीही थकवा दिसेना, तर रुग्णाशी वाद न घालता डॉक्टरांस कळवावे. केवळ झोपेवर भिस्त ठेवून औषध सोडणे मात्र घातक. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर गुणकारी म्हणून दाखविलेले लिथियम आजही वापरात आहे. मात्र त्याचे रक्तातील प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. निमाडच्या उन्हाळ्यात तर अधिकच जपावे. घामावाटे पाणी व मीठ घटले की ते प्रमाण वाढते. हात फार थरथरू लागले, तोल जाऊ लागला, उलट्या झाल्या, तर क्षणाचाही विलंब नको.

जवळ मनोविकारतज्ज्ञ नसेल त्यांच्यासाठी भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो रात्रीही चालू असतो.